कपाळाच्या उंचीची गाडी

माझ्या साडूने मला त्याची जुनी पिकअप विकली तेव्हा तो एकच वाक्य बोलला, "डोंगर चढते." त्या वाक्याचा राग माझ्या मनात आजही आहे, कारण ते खोटं नव्हतं. गाडी डोंगर चढायची. फक्त डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचायची नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वाशिंदला राहायचा, कारखान्यात पाळीवर जायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्या घ्यायचा, विकायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. तोवर मुरबाडच्या बाजारात मी बऱ्यापैकी पाय रोवले होते. एसटीच्या टपावर करवंदांच्या आणि कैऱ्यांच्या टोपल्या टाकून कल्याणला न्यायच्या, इथून माझी सुरुवात. मग काही वर्षं म्हशाच्या जत्रेत आणि आसपासच्या बैलबाजारांत एका दलालाच्या हाताखाली काढली. मग सायकलवरून भाजी. बापाकडून काही मिळालं नाही, सासऱ्याकडून नाही, आणि बँकेने तर बसायला खुर्चीही दिली नाही. अशा माणसाच्या दारात पहिली गाडी उभी राहते तेव्हा शेजारी तिला भंगार म्हणाले तरी त्याला ऐकू येत नाही.

रंग मुळात निळा असावा. हॉर्न दाबला की वायपर आपोआप हलायचे, का ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. पावसात मला त्याचा उपयोगच व्हायचा. माल भरायचा हौदा चांगला खोल होता, बाजूचे फाळके उंच, आणि मागचा फाळका वेल्डिंग करून कायमचा बंद केलेला. मी विचारलं तेव्हा साडू म्हणाला, "तो सोडवू नकोस. तो सोडवलास तर हौदा चारी बाजूंनी उलगडेल." हेही खोटं नव्हतं. त्या माणसाची हीच तर खोड होती. बायकोने जुन्या गोधडीचं सीटकव्हर शिवून बसवलं आणि आठवड्याभरात केबिनला भेंडीचा आणि ओल्या गोणपाटाचा असा वास लागला की डोळे मिटूनही मला माझी गाडी ओळखता आली असती.

शहापूर-मुरबाड रस्त्यापासून आत, एका ओहोळाच्या पलीकडे एक पाडा होता. पाऊस संपला की तिथल्या बायका ओहोळाच्या काठाने काकडी, भेंडी, वालाच्या शेंगा पिकवायच्या. त्या मालाचा मी पहिला गिऱ्हाईक. मी गाडी डांबरी रस्त्यावर उभी करायचो आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन, ओहोळ ओलांडून, दरडीचा चढ चढून माझ्यापर्यंत यायच्या.

गाडीत टोपली चढवायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. डोक्यावरचं ओझं एकटीने खाली घेता येत नाही, कोणीतरी हात लावावाच लागतो. म्हणून गावात वाटेवर कुठेही "हात दे गो" अशी हाक ऐकू येते. पण माझ्या गाडीच्या मागच्या फाळक्याची कड बरोबर त्यांच्या भुवयांशी यायची. बाई यायची, फाळक्याला छाती भिडवायची, मान थोडी पुढे करायची आणि डोक्यावरची टोपली खालच्या कापडी चुंबळीवरून सरकून सरळ कडेवर जायची. आत उभा राहून मी ती ओढून घ्यायचो. कोणाला हाक मारायला नको, कोणासाठी थांबायला नको. टोपली उतरली की बाई चुंबळ काखेत मारून मोकळी.

त्या बायकांमध्ये एक म्हातारी होती. तिच्या शब्दाबाहेर पाड्यात कोणी जात नसे. एके सकाळी चढ चढून आली आणि टोपली सरकवता सरकवता म्हणाली, "शेट, गाडी घेतलीस नी हितंच उभा राहतोस. सायकल होती तवा बी हितंच उभा राहायचास. मग आमाला काय फायदा?"

शेट हा शब्द ती शिवीसारखाच वापरायची.

मी त्याच दिवशी गाडी ओहोळात घातली. पाणी घोट्याएवढंच होतं, पण मधोमध कातळाची एक लांबलचक पाठ वर आलेली. पुढची चाकं तिच्यावरून पलीकडे उतरली आणि गाडी पोटावर बसली. सायलेन्सर तुटून पाण्यात पडला. बायकांनी गाडी मागे ढकलून दिली, तेव्हा त्या एवढ्या हसत होत्या की निम्मा जोर हसण्यातच जात होता.

ही बातमी माझ्या घरातून वाशिंदला गेली, दोन बहिणींमध्ये जाते तशी. आणि पुढच्याच आठवड्यात साडू त्या रस्त्यावर हजर. माझ्याच पैशांतून घेतलेली नवी गाडी, मला माल देणाऱ्या बायकांपुढे. शिवाय बरोबर दोन हमाल. ते ओहोळाच्या अलीकडच्या काठापर्यंत खाली जायचे आणि बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्या घेऊन चढ चढायचे.

"साडूभाऊ, राग धरू नका," तो मला म्हणाला. "धंदा हाय."

"तुमची गाडी पलीकडं घाला की. नवी हाय."

"हप्त्यावरची गाडी पाण्यात कोण घालतो?"

म्हातारी दोघांचं ऐकत उभी होती. म्हणाली, "भांडू नका रे. जो पाड्यात येल त्याला माल. पुढल्या बाजारापर्यंत बघू. नायतर हा वाशिंदवाला निदान हमाल तरी देतो."

म्हणजे गाडी उंच करायची, एवढंच आता माझ्या हातात होतं. तो पाडा गेला असता तर त्याच्या मागचे दोन पाडेही गेले असते, आणि मी पुन्हा दुसऱ्याचा माल ओढणारा भाडोत्री झालो असतो.

आधी कल्याणला गेलो. तिथे एका मोठ्या दुकानात गाडी उचलायचा तयार संच मिळायचा. खोक्यात बसवलेला: लोखंडी ठोकळे, लांब बोल्ट, नवे शॉकअॅब्सॉर्बर, सगळं काळ्या रंगात चमचमणारं. ते खोकं मी हातात घेतलं, झाकण उघडलं, एकेक वस्तू बाहेर काढून बघितली आणि खरं सांगायचं तर मला मोह झाला. गल्ल्यावरच्या तरुणाने माझी गाडी काचेतून बघितली आणि म्हणाला, "काका, गाडीपेक्षा किट महाग पडेल." मी खोकं तसंच उघडं टाकून बाहेर आलो. त्या दुकानात मी पुन्हा पाय ठेवला नाही. दुकान चांगलं चालायचं, पण माझ्याशिवाय.

मुरबाडला वेल्डर म्हणाला, सागवानी ठोकळे घालू, आणखी काही लागत नाही. सागवान पावसात फुगतं आणि उन्हात आखडतं एवढं मला कळत होतं. एकाने मोठे टायर सुचवले, ते लावूनही बघितले. वळण घेतलं की टायर मडगार्डला घासायचा आणि गाडी कण्हायची. परत काढले.

शेवटी शहापूरला हायवेवरचा पाटेवाला मिस्त्री. पाटे म्हणजे चाकांच्या वर एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. माझ्या गाडीचे पाटे भिवंडीच्या गोदामांच्या फेऱ्या मारून मारून सरळ झाले होते. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "शेट, ही धनुष्यं नाय, ह्या फूटपट्ट्या हायेत."

जुने पाटे तापवून वाकवायचे आणि वर नवे घालायचे, म्हणजे पोट वर येईल, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. माणूसही पटला. बडबड्या होता, सारखं पान खायचा, आणि त्याचा बाप आयुष्यभर बैलबाजार करायचा हे बोलता बोलता निघालं. मग काय, आमची जत्रेची ओळख निघाली, चहा आला.

तेवढ्यात दोन ट्रकवाले येऊन टेकले. त्यातला एक वाशिंदचा. माझ्या साडूला ओळखणारा. माझा भाव वाशिंदला कळू द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

मिस्त्रीने विचारलं, "मग, किती?"

मी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याचा पंजा धरला. बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडाने हवापाण्याचं बोलायचं आणि कपड्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे शंभर की हजार हे जनावर बघून समजायचं असतं. मिस्त्री हसला. बापाबरोबर बाजारात गेलेला माणूस, त्याला सांगायची गरज नव्हती.

मी त्याची चार बोटं दाबली. चारशे.

त्याने मान हलवली आणि माझी दोन दाबली.

मी चमकलो. माल विकणारा माणूस घेणाऱ्यापेक्षा खाली कसा येईल? मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. याची दोन म्हणजे दोन हजार. माझं डोकं तापलं. तोंडाने मी म्हणत होतो, "यंदा थंडी उशिरा पडली." आणि खाली मी त्याची चार बोटं अशी आवळली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जास्त होतील, शेट," तो म्हणाला.

"माझ्याकडून एवढेच. पुढं एक नाही."

"बरं बाबा, तुमची मर्जी. गाडी तुमची."

मी लगेच त्याच्या खिशात चार नोटा कोंबल्या. मला वाटलं व्यवहार मिटला. त्याला वाटलं इसार दिला. मी मिशीवरून हात फिरवत बाजारात गेलो. दोन हजारवाला माणूस मी चारशेवर आणला होता, वाशिंदवाल्याच्या नाकासमोर, आणि त्याला पत्ता नव्हता.

दुपार उतरल्यावर परत आलो तर गाडी ओळखू येईना. उंटासारखी उभी. चहूबाजूंनी वर, खाली वाकलो तर पलीकडचा हायवे दिसत होता. मिस्त्री जेवायला घरी गेला होता, दुकानातल्या माणसाने चावी दिली. चारशेत एवढी उंची! मी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला, केबिनला पकडून वर चढलो आणि मुरबाडपर्यंत गाणं गुणगुणत आलो. खड्ड्यांत डोकं छताला आपटत होतं, तरी गुणगुणत होतो.

दुसऱ्या सकाळी गाडी ओहोळात घातली. कातळाची पाठ पोटाखालून अशी गेली की पाण्याला सुद्धा कळलं नाही. पाड्याच्या वडाखाली नेऊन उभी केली आणि हॉर्न दाबला. वायपर हलले. बायका टोपल्या घेऊन आल्या.

पहिलीने फाळक्याला छाती भिडवली, मान पुढे केली आणि टोपली फाळक्याच्या पत्र्यावर आपटली. कड टोपलीच्या वर होती. तिने टाचा उंचावल्या, तरी नाही. मी वरून वाकून टोपली उचलायला गेलो तर निम्म्या काकड्या खाली, आणि काकड्या उतारावरून पळत सुटल्या.

"शेट, शिडी आणलीस का?"

"आमाला हौद्यात टाक, मग टोपली देतो."

"वाशिंदचे हमाल बोलव गो, दोघं उचलतील याला पन."

म्हातारी मात्र हसली नाही. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, फाळक्यावर हात टेकवून बघितला आणि म्हणाली, "पोट वर नेलंस ते बरं केलंस. पर तोंड बी वर नेलंस की रे." त्या दिवशी माल साडूच्या गाडीत गेला. बायका टोपल्या घेऊन पुन्हा ओहोळ ओलांडून हमालांपर्यंत गेल्या, आणि मला ऐकू येईल असं कण्हत गेल्या.

घरी आलो तेव्हा मी जेवलो नाही. मिस्त्रीला, साडूला, कल्याणच्या दुकानाला आणि ओहोळातल्या कातळाला, सगळ्यांना एकेक करून नावं ठेवली. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कड कुठं येते आता?"

मी हाताने दाखवलं.

"अहो, मग गाडीला पाटे घातलेत तसे त्या बायांच्या पायाला बी घाला."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला?" ती म्हणाली. "लग्नाच्या आधी माझ्या बापाची काकडी बाजारात काय विमानाने जात होती?"

सकाळी मी गाडी काढली तर ती आधीच गोधडीवर बसलेली. मांडीवर टोपली, टोपलीत चुंबळ. तिला वर चढायला अंगणातला पाट लागला होता, तो दारातच उपडा पडला होता.

शहापूरला पोचल्या पोचल्या मी मिस्त्रीवर तुटून पडलो. "हे काय करून ठेवलंस? गाडी आहे की माळा?"

मिस्त्री पान थुंकून शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमीच सांगा. मी यांना दोन सांगत होतो. दोन पाटे बास होतात. यांनी माझी बोटं मोडली, चारच घाल म्हणून. प्रत्येक चाकाला चार! ट्रकला घालत नाय कोणी."

"पाटे?" मी म्हणालो. "पाट्यांचं कोण बोलत होतं? मी भाव बोलत होतो!"

"मी 'किती' म्हटलं, म्हणजे पाटे किती! भाव पाट्यांवरून ठरेल ना? आधी भाव कोण सांगतो?"

"टॉवेलखाली भावच सांगतात! बाप बैलबाजार करायचा ना तुझा?"

"माझा बाप बैलाला पाटे नव्हता घालत!"

मिस्त्रीच्या दुकानात त्या दिवशी जेवढी गर्दी होती तेवढी नंतर कधी बघितली नाही. ट्रकवाले हसून हसून फुटबोर्डवर बसले. माझी बायको पदराने तोंड झाकून उभी होती, आणि पदर हलत होता. मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, टॉवेल टाकला की भाव. दुसरं काही असूच शकत नाही. तो मिस्त्री पुढे अनेक वर्षं माझ्या सगळ्या गाड्यांची कामं करत राहिला, माझ्या घरच्या लग्नांत पहिल्या पंगतीला बसला, आणि प्रत्येक वेळी भेटला की चार बोटं वर करून दाखवायचा. या एका बाबतीत मी त्याला कधी माफ केलं नाही. तो गेला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो, तर त्याच्या बायकोने मला बघून रडता रडता हसू आवरलं नाही. तीही त्याच्याच बाजूची होती.

बायको पुढे आली. "भांडण मागनं करा. मिस्त्री, एकेक पाटा काढा. मी सांगते तिथं थांबा."

"एकेक काढायचा म्हणजे चारी चाकं दर वेळी सोडायची, वहिनी. दिवस जाईल."

"आमी दिवस घेऊनच आलोय."

तिने टोपलीत दुकानातले नटबोल्ट भरून घेतले, काकडीच्या वजनाइतके, अंदाज घेत. चुंबळ डोक्यावर ठेवली. मिस्त्री आणि मी दोघांनी मिळून टोपली तिच्या डोक्यावर चढवली, तेव्हा आमचं भांडण जरा थांबलं कारण दोघांच्याही तोंडून एकदमच "हं" निघालं. ती फाळक्याला जाऊन भिडली. कड टोपलीच्या वर. "काढा."

एक पाटा निघाला. पुन्हा तीच टोपली, तोच फाळका. कड टोपलीच्या बुडाशी. "अजून."

एक ट्रकवाला म्हणाला, "मिस्त्री, आता शिंप्यासारखं माप घेऊन गाड्या शिवणार काय?"

"गप रे," मिस्त्री म्हणाला. "तुझ्या गाडीचं माप घ्यायला तुझ्या बायकोला आण, मग बघ ती काय काय काढायला सांगते."

उन्हाने लोखंड तापलं होतं. मी हौद्यात उभा होतो, टोपली ओढून घ्यायला. वरून मला फक्त तिची टोपली आणि टोपलीखालचे दोन हात दिसत होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. दुसरा पाटा निघाला. ती आली, छाती भिडवली, मान पुढे केली, आणि टोपली चुंबळीवरून सरकून खर्रकन कडेवर आली. माझ्या हातात. फाळक्यापलीकडून तिचा चेहरा वर झाला, घामाने भिजलेला. कपाळावरचं कुंकू फाळक्याच्या कडेला लागलं होतं.

"बास," ती म्हणाली.

म्हणजे दोनच पाटे राहिले. मिस्त्रीने दोन बोटांनी पान उचलून तोंडात टाकलं, ते मला दाखवूनच. काढलेले पाटे मी त्याला दिले, मजुरीवरून आम्ही घसा बसेपर्यंत घासाघीस केली, तीही तोंडाने. टॉवेल बायकोने काढून घेतला होता.

पण माझी धाकधूक गेली नव्हती. दोन पाट्यांवर रिकामी गाडी कातळावरून जाईल हे मला दिसत होतं. भरलेली गाडी खाली बसते. आणि भरून परत नाही आणता आली, तर रिकामी नेऊन काय उपयोग?

बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गेलो. साडू रस्त्यावर उभाच होता, हमालांसह. "या, या," तो म्हणाला. "आज मेव्हणीबाईंना पण ढकलायला आणलंत?" बायकोने काचेबाहेर तोंड काढून म्हटलं, "भाओजी, ताईला सांगा, पापड झालेत, न्यायला या." ती त्याच्याशी कधी भांडली नाही. तिची तीच पद्धत होती, आणि त्यामुळे तो माझ्यापेक्षा तिलाच जास्त घाबरायचा.

रिकामी गाडी गेली. वडाखाली उभी केली. म्हातारी सगळ्यात पुढे आली. फाळक्याला भिडली, मान पुढे केली, टोपली सरकली. तिने मागे वळून बाकीच्यांकडे बघितलं एवढंच. मग एकीमागून एक. मी आत ओढत होतो, थर लावत होतो, आणि प्रत्येक टोपलीबरोबर गाडी केसभर खाली बसताना मला पायाखाली जाणवत होतं. थांबा म्हणायला तोंड उघडत नव्हतं. साडू पलीकडून बघत होता.

भरलेली गाडी ओहोळात उतरली. बायका मागून पाण्यातून चालत होत्या. पुढची चाकं कातळावरून उतरली, आणि पोट घासल्याचा आवाज आला. लांब, खर्रर्र. मी अॅक्सिलरेटर दाबला. चाकं पाण्यात फिरली. गाडी बसली.

पलीकडच्या काठावरून साडू ओरडला, "पाठवू का हमाल?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी दार उघडून पाण्यात उडी मारणार होतो, त्याला तिथेच धरणार होतो. बायकोने माझ्या शर्टाचं टोक धरलं. "बसा. मागं बघा."

आरशात बघितलं. म्हातारी गाडीच्या मागच्या फाळक्याला भिडून उभी होती, घोटाभर पाण्यात. "ए, वर एक जन चढा," तिने हुकूम सोडला. एक बाई चाकावर पाय देऊन हौद्यात चढली आणि तिने एक टोपली कडेवर आणली. कड अजून कपाळाशी होती. म्हातारीने चुंबळ सारखी केली, मान पुढे केली, आणि जशी ठेवली होती तशीच टोपली परत डोक्यावर घेतली. कोणी हात लावायला नको. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. गाडीचं ओझं बायकांच्या डोक्यावर जात होतं आणि पोटाखालचा तो खरखरणारा आवाज बारीक होत होता.

"आता चालव रे, शेट!"

मी चालवली. गाडीने एक हिसका दिला, मागची चाकं कातळावर चढली आणि पलीकडे उतरली. दरडीच्या वर आल्यावर मी थांबलो. बायका टोपल्या घेऊन मागून आल्या आणि पुन्हा सरकवून हौद्यात दिल्या. साडूचे हमाल हात बांधून उभे होते, त्यांना कोणी काही मागितलंच नाही. साडू माझ्याजवळ आला, गाडीच्या खाली वाकून बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बायकोने त्याला पापडांची पुन्हा आठवण केली.

पुढे ओहोळावर मोरी बांधली जाईपर्यंत रोजची रीत तीच राहिली. कातळाशी आलं की बायका आपल्या आपल्या टोपल्या उतरवून घ्यायच्या, गाडी पलीकडे गेली की परत द्यायच्या. कोणी सांगावं लागत नसे. नव्या बाईला म्हातारी शिकवायची.

त्या दिवशी शेवटची टोपली हौद्यात आल्यावर म्हातारीने लुगड्याचा ओचा पिळला, चुंबळ काखेत मारली आणि मला म्हणाली, "उद्या अजून लवकर ये. काकडी कवळी हाय, ऊन लागलं तर मऊ पडेल. आन येताना हिला घेऊन ये. तू एकटा आलास की उगाच तापतोस."